औतामागचा कॅमेरा: घरच्या शेतातील वन्यजीवांची छायाचित्रे कशी काढावीत

गावाकडे थोडीफार घरची शेती आहे, हाती नवा कॅमेरा आला आहे आणि ताडोब्याच्या सफारीसाठी लागणारा पैसा किंवा रजा यांपैकी काहीच जमणारे नाही, अशा वाचकांसाठी हा लेख लिहिला आहे. यातील अनुभव पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागातील आमच्या शेतावरचा आहे. तेथे खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी आणि हरभरा, विहिरीच्या पाण्यावर अंजिराची लहानशी बाग आणि शेवटच्या बांधापलीकडे गवताळ माळ आहे. कोकणातल्या भातखाचरात किंवा विदर्भातल्या धुऱ्यावर भेटणारे प्राणी वेगळे असतील, पण काम करण्याची पद्धत फारशी बदलणार नाही.

पहिल्या वर्षी मी लष्करी छापाचे कपडे घालून बांधाच्या आडोशाने सरपटत असे. टिटवी मला दोनशे पावलांवरून हेरायची, डोक्यावर घिरट्या घालत ओरडायची आणि सगळ्या शिवाराला माझी खबर द्यायची. त्याच सकाळी शेजारच्या पट्टीत चुलते ट्रॅक्टरने पाळी घालत होते, आणि कुळवाच्या मागे चार हातांवर गायबगळे, साळुंक्या आणि कोतवाल हे पक्षी किडे टिपत निर्धास्त चालले होते. दुपारी भाकरी खाताना चुलते म्हणाले, "तू चोरावानी येतोस, म्हणून पाखरं उडत्यात. काम करणाऱ्या माणसाला बघून कोण पळतंय?" शेतातल्या जिवांना काम करणारा माणूस रोजच्या ओळखीचा असतो. दबकत येणारा माणूस त्यांना शिकाऱ्यासारखा वाटतो. पुढच्या सगळ्या सूचना या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिले पंधरा दिवस कॅमेऱ्याविना

कॅमेरा घरी ठेवून खिशात वही घ्यावी आणि सकाळ-संध्याकाळ एकाच वाटेने, कामाला निघालेल्या माणसाच्या चालीने शेताला फेरी मारावी. विहीर, ओढा, शेततळे, बांधावरची बाभळी-बोरीची झाडे, विजेच्या तारा, डीपीचा खांब, कडब्याची गंज आणि उकिरडा या सर्व जागा कागदावर कच्च्या नकाशात मांडाव्यात. प्रत्येक जागी कोण, किती वाजता आणि काय करताना दिसले, एवढेच लिहावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नोंदी स्वतःहून बोलू लागतात. आमच्याकडे कापशी घार रोज सूर्य वर आल्यावर त्याच एका खांबावर बसते, हे मला दूरवरून तिचा पाठलाग करून नव्हे, तर वहीतल्या तीन ओळी एकाखाली एक आल्यावर उमगले.

याच काळात शेतात राबणाऱ्या माणसांशी बोलावे, मात्र प्रश्न नीट विचारावा. "इथं प्राणी दिसतात का?" असे विचारले की बिबट्याच्या गोष्टी ऐकायला मिळतात आणि त्यातल्या निम्म्या शेजारच्या गावच्या असतात. त्याऐवजी रात्री दारे धरणाऱ्याला, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्याला, "पाणी सोडल्यावर सऱ्यांतून काय उठतं?", खुरपणाऱ्या बायकांना "कुठल्या ओळीत घरटं लागलं?" आणि माळावर मेंढरे घेऊन येणाऱ्या धनगराला "कुत्री रात्री कोणत्या बाजूला भुंकतात?" असे विचारावे. लांडगा कोणत्या वाटेने येतो हे मेंढपाळाइतके कोणालाच ठाऊक नसते, कारण त्याचे नुकसान त्याच वाटेने होते.

पाणी दिल्यानंतरचा ओला वाफा दुसऱ्या दिवशी पहाटे तपासावा, कारण त्यावर रात्रीची सगळी ये-जा उमटलेली असते. खोकड, कोल्हा आणि लांडगा यांच्या ठशांत पंज्यापुढे नखांच्या खुणा सहसा दिसतात. रानमांजर चालताना नखे आत ओढून घेते, म्हणून त्याचा ठसा गोलसर आणि बिननखांचा असतो. गावातल्या कुत्र्याचा ठसा मात्र सर्वांत आधी ओळखायला शिकावा, नाहीतर आठवडाभर मोती कुत्र्याचा माग काढण्याची पाळी येते. माझ्यावर ती आली होती.

साहित्य

सुरुवातीला महागडी लेन्स घेण्याची घाई करू नये. ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आणि कोणताही साधा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा पहिली दोन वर्षे पुरतो. लांब झूम असलेला ब्रिज कॅमेराही उजेड चांगला असेल तर समाधानकारक काम देतो. फुलपाखरे, सरडे, कोळी आणि बेडूक यांच्यासाठी हातातला मोबाइल पुष्कळ झाला. बांधावर रुई असेल तर तिच्या पानांवर आणि परसात कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर त्यांच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या हमखास सापडतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ब्लू मॉरमॉन म्हणजे नीलवंत लिंबाच्याच कुळातील झाडांवर अंडी घालते.

तिवईपेक्षा धान्याची पिशवी अधिक उपयोगी पडते. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखाली कापून दोन्ही टोके शिवावीत, त्यात दोन-अडीच किलो ज्वारी किंवा हरभरा भरावा आणि ती पिशवी बांधावर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा गाडीच्या खिडकीत ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. प्रवासात पिशवी रिकामी न्यावी आणि गावी पोहोचल्यावर कणगीतून भरावी. कपडे शेतातले, मळके आणि रोजचेच असावेत. मळणी चालू असताना शेतात लेन्स बदलू नये, कारण त्या वेळचा भुसा सेन्सरवर बसला की सहज निघत नाही.

सेटिंगचे सुरुवातीचे आकडे

बसलेल्या पक्ष्यासाठी शटर १/५०० सेकंद, चालत्या-टिपत्या पक्ष्यासाठी १/१००० आणि उडत्या पक्ष्यासाठी १/२००० किंवा त्याहून वेगवान ठेवावे. छिद्र लेन्स देईल तेवढे मोठे ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) स्वयंचलित करावा आणि त्याची कमाल मर्यादा ३२०० वर बांधावी. थोडे दाणेदार आलेले छायाचित्र नंतर सुधारता येते, हललेले मात्र येत नाही. फोकस सतत चालणारा निवडून तो डोळ्यावर ठेवावा. शक्य असेल तर रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या फाइलमध्ये, साठवावे.

शेतातली खरी अडचण पांढऱ्या-काळ्याची असते. काळ्या रानात उभा असलेला गायबगळा टिपताना कॅमेरा सभोवतालचा काळोख पाहून चित्र उजळवतो आणि बगळ्याची पिसे चुना फासल्यासारखी सपाट पांढरी होतात, म्हणून एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) पाऊण ते एक स्टॉप कमी करावे. उलट, उजळ आभाळापुढे तारेवर बसलेला कोतवाल कोळशाचा ठिपका दिसतो, तेथे ते तेवढेच वाढवावे. एकाच नांगरटीत बगळा आणि कोतवाल शेजारी-शेजारी असतील, तर बगळा सांभाळावा. काळ्या पिसांतला तपशील रॉ फाइलमधून बराच परत मिळतो.

सकाळी साडेनऊनंतर, विशेषतः मार्च ते मे या काळात, जमिनीवरची हवा तापून थरथरू लागते आणि पन्नास मीटरवरचा पक्षी कितीही चांगल्या लेन्सने टिपला तरी विरघळल्यासारखा येतो. दोष लेन्सचा नसतो. अशा वेळी जवळची छायाचित्रे काढावीत किंवा सावलीत बसून सकाळचे फोटो चाळावेत.

कामाच्या दिनक्रमामागे जाणे

आता मुख्य भाग. शेताच्या कामांचे वर्ष हेच छायाचित्रकाराचे वेळापत्रक समजावे आणि घरी फोन करून "या आठवड्यात काय काम आहे?" असे विचारूनच गावी जाण्याचा दिवस ठरवावा.

नांगरट आणि पाळी ही नवशिक्यासाठी सर्वांत उदार कामे आहेत. फाळाने उलथलेल्या ढेकळांतून हुमणी, गांडुळे आणि नाकतोडे वर येतात आणि पक्षी माणसाकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत नसतात. ट्रॅक्टर चालू असताना त्यावर बसून छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा, कारण हादऱ्यामुळे चित्र हलते आणि मडगार्डवरून तोल गेलेला माणूस थेट अवजाराखाली जातो. त्याऐवजी पट्टीच्या ज्या टोकाला ट्रॅक्टर वळतो, तेथे बांधावर, पाठ सूर्याकडे करून मांडी घालून बसावे. ट्रॅक्टर पक्ष्यांना तुमच्याकडे घेऊन येतो, वळतो, परत जातो आणि पुन्हा आणतो. पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच न टिपता नुसते बसावे, तिसऱ्या फेरीपासून पक्षी तुम्हाला बांधाचाच भाग समजतात. बसून टिपल्याने लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर येते आणि मागचे शेत धूसर, एकसंध रंगाचे दिसते; उभ्याने काढलेल्या छायाचित्रात मात्र पक्ष्याची पाठ आणि ढेकळेच येतात.

दारे धरण्याच्या वेळी हेच घडते, फक्त शांतपणे. सरीतून पाणी पुढे सरकते, बिळांतले किडे पळत बाहेर येतात आणि पाण्याच्या तोंडाशी साळुंक्या, बगळे व धोबी पक्षी जमतात. पाणी ज्या सरीत पंधरा मिनिटांनी पोहोचणार आहे तिच्या टोकाला आधीच बसून राहावे. खोरे घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या कामात येऊ नये, आणि सरीचा बांध फुटला तर कॅमेरा बाजूला ठेवून मदतीला जावे.

पाऊस सुरू झाल्यावर विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीची वसाहत उभी राहते. हा पक्षी माणसाच्या वावराला सरावलेला असल्याने पंधरा-वीस मीटरवरून तासन्‌तास टिपता येतो. पिवळ्या टोपीचा नर उसाच्या किंवा गवताच्या पात्याला कडेने चीर देतो आणि उडत जाऊन लांब पट्टी सोलून काढतो. चोचीतली ती लहरती पट्टी टिपायची असेल, तर घरट्यावर रोखून न बसता पाती सोलण्याची जागा शोधावी. घरटे अर्धे, शिरस्त्राणाच्या आकाराचे झाले की मादी पाहणीला येते आणि नर पंख फडफडवत लोंबकळतो. महत्त्वाची घटना याच टप्प्यावर घडते, पूर्ण झालेल्या घरट्यावर नव्हे. विहिरीला कठडा नसेल तर काठापासून दूर बसावे. डोळा कॅमेऱ्याला लागला की पायाखालचे भान राहत नाही.

रब्बीची ज्वारी निसवून दाणे भरू लागली की भोरड्यांचे थवे, पोपट, मुनिया आणि चिमण्या कणसांवर उतरतात. थंडीत उत्तरेकडून आलेले भोवत्या हे शिकारी पक्षी पिकावरून अगदी खालून तरंगत जातात. येथे एक मर्यादा पाळावी. मचाणावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्याला "थोडा वेळ थांब, फोटो निघू दे" असे कधीही म्हणू नये, कारण ते कणीस घरातल्यांच्या वर्षाचे आहे. गोफणीच्या आवाजाने थवा एकदम उठतो, तोच क्षण टिपावा. गोफण फिरवणारा, कणसे आणि वर उधळलेला थवा एकत्र आलेले छायाचित्र मला नुसत्या पक्ष्याच्या छायाचित्रापेक्षा कितीतरी बोलके वाटते. अंजिराच्या बागेतही हाच संघर्ष असतो. फळे पिकू लागली की बुलबुल आणि कोकीळ येतात, घरचे जाळी पसरतात आणि कधीकधी पक्षी जाळीत अडकतो. तेव्हा आधी कात्री हाती घ्यावी, कॅमेरा नंतर.

उन्हाळ्यात, रान रिकामे असताना, माळाकडे वळावे. एप्रिल ते जूनच्या सुमारास सकाळच्या उन्हात दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडझाप करणारा नर सरडा दिसतो. या सरड्यांच्या एका प्रजातिसमूहाला २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी 'सरडा' हेच मराठी नाव शास्त्रीय नाव म्हणून दिले. त्याच्यासाठी पोटावर झोपावे, लेन्स जवळजवळ जमिनीला टेकवावी आणि पंखा उघडण्याआधी तो मान वर-खाली करतो तेव्हाच बोट तयार ठेवावे. झोपण्यापूर्वी जवळचे दगड काठीने हलवून पाहावेत, कारण माळावरच्या दगडाखाली फुरसे असू शकते. चिंकारा हा माळावरचा खरा पाहुणा होय. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य त्याच्यासाठीच राखलेले आहे. तो शेतात आला तर त्याच्याकडे चालत जाऊ नये, जागच्या जागी खाली बसावे. दोन पावले पुढे टाकली की तो शंभर पावले मागे जातो.

पाणवठा

एप्रिल-मेमध्ये स्वतःचा पाणवठा तयार करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. पसरट मातीचे भांडे किंवा जुनी परात बोर-बाभळीच्या कुंपणापासून दोन-तीन मीटरवर, मांजराला दबा धरता येणार नाही अशा उघड्या जागी, दगडांवर थोडी उंच ठेवावी. त्यात बोटभर पाणी घालून एक खडबडीत दगड आणि शेजारी उतरण्यासाठी वाळकी फांदी रोवावी. पाच-सहा मीटरवर कडब्याच्या पेंढ्या लावून खोप करावी आणि आठवडाभर ती तशीच रिकामी ठेवावी. पाणी रोज बदलणे शक्य नसेल तर हा खटाटोप सुरू करू नये, कारण पक्षी त्या पाण्यावर विसंबू लागतात.

शेततळ्याबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. प्लॅस्टिकचे अस्तर ओले झाले की त्याचा उतार काचेसारखा निसरडा होतो आणि पाण्यासाठी उतरलेला ससा, खोकड किंवा माणूसही वर येऊ शकत नाही. फोटो काढण्याआधी काठावरून पाण्यापर्यंत गाठी मारलेला जाड दोर किंवा जुने जाळे सोडावे, आणि स्वतः कुंपणाच्या आत एकट्याने उतरू नये.

रात्र

नवशिक्याने रात्री शेतात कॅमेरा घेऊन फिरू नये. नाग, घोणस आणि मण्यार यांचे फिरण्याचे तास आणि दारे धरण्याचे तास बहुधा एकच असतात. काही ठिकाणी रानडुकरांसाठी तारेत बेकायदा वीज सोडलेली असते आणि ती अंधारात दिसत नाही. जेथे ऊस आहे, विशेषतः जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या पट्ट्यात, तेथे बिबट्या उसातच राहतो आणि तेथेच पिल्ले देतो. ऊसतोडीत पिल्ले सापडली तर त्यांना उचलून सेल्फी काढण्याऐवजी लोकांना मागे हटवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वनकर्मचारी पिल्ले सापडल्या जागीच ठेवून मादीला ती परत नेऊ देण्याचा प्रयत्न करतात, आणि माणसांची गर्दी जितकी कमी तितका तो यशस्वी होण्याची शक्यता जास्त असते.

रात्रीच्या जिवांसाठी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, वापरावा. कुंपणातल्या ज्या भगदाडापाशी ठसे सापडले, तेथे खोडाला गुडघ्याच्या उंचीवर तो बांधावा, तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवावे म्हणजे उगवता-मावळता सूर्य समोर येणार नाही, आणि समोरचे गवत दोन मीटरपर्यंत कापावे, नाहीतर कार्डात हलणाऱ्या गवताचीच हजार चित्रे भरतात. लोक पहाटे परसाकडे जातात त्या वाटेवर तो कधीही लावू नये, आणि लावण्यापूर्वी घरातल्यांना व शेजाऱ्यांना सांगावे.

घरट्यांविषयी आणि कायद्याविषयी

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही येते, आणि शेत आपल्या मालकीचे असल्याने त्यातून सूट मिळत नाही. टिटवीचे उदाहरण घ्यावे. ती उघड्या ढेकळांत अंडी घालते, आणि किती अंडी घातली, उंचवट्यावर घातली की सखल जागी, यावरून जुनी माणसे पावसाचा अंदाज बांधतात. आमचे चुलते तेवढा तुकडा न नांगरता सोडतात. उन्हाच्या तडाख्यात पक्षी पोटाची पिसे भिजवून येतो आणि अंडी गार ठेवतो. छायाचित्रासाठी आपण दहा मिनिटे जवळ उभे राहिलो, तर त्या दहा मिनिटांत अंडी भाजून निघू शकतात. म्हणून घरट्याच्या आड येणारी फांदी वाकवणे, पिंगळ्याच्या ढोलीत टॉर्च मारणे किंवा मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे यांपैकी काहीही करू नये. लांडग्याची किंवा खोकडाची बिळे सापडली तर त्याविषयी कोठे बोलूही नये. सामाजिक माध्यमांवर छायाचित्र टाकण्यापूर्वी त्यातील ठिकाणाची माहिती काढून टाकावी आणि गावाऐवजी फक्त जिल्हा लिहावा.

छायाचित्रे साठवणे

त्याच दिवशी रात्री छायाचित्रे संगणकावर उतरवून नव्वद टक्के पुसून टाकावीत. उरलेल्यांना फाइलचे नाव देताना तारीख, पट्टीचे घरात चालणारे नाव आणि त्या वेळी चालू असलेले काम या क्रमाने द्यावे. उदाहरणार्थ, 'विहिरीकडची पट्टी, हरभरा, पहिले पाणी'. पक्ष्याचे नाव चौथ्या क्रमांकावर लिहिले तरी चालते, कारण ते छायाचित्रातच दिसत असते. दोन-तीन वर्षे असे केल्यावर 'पहिले पाणी' एवढेच शोधले की त्या कामामागे कोण कोण आले, कोणत्या वर्षी धोबी लवकर पोहोचले आणि कोणत्या वर्षी विहीर आटल्याने पाणीच सोडले गेले नाही, हे सगळे पडद्यावर एका ओळीत उभे राहते, आणि पुढच्या हंगामात गावी कोणत्या आठवड्यात जायचे ते त्यावरूनच ठरवता येते.